जुनी गाडी आणि घरचा हात

नवी मोटार शहरात रस्त्यावर येते आणि जुनी झाली की तालुक्याच्या गावी येते, हा आपल्याकडचा अलिखित नियमच होय. नागपूर-हैदराबादच्या रस्त्यांवर दहा-बारा वर्षे धावून जिचा रंग उतरला, आसने फाटली आणि मालकाचे मनही उडाले, अशी गाडी एके दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातील बोथसारख्या गावच्या अंगणात येऊन उभी राहते. तिच्यापुढे नारळ फुटतो, बॉनेटवर हळदीकुंकू पडते आणि तिचा दुसरा संसार सुरू होतो. शहरातील मालकाला ती सोय होती. येथे तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मध्यरात्री घरातील म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली किंवा सुनेचे दिवस भरले, म्हणजे आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयाचा रस्ता याच गाडीने कापावयाचा असतो. अशा वेळी किल्ली फिरविताच इंजिन सुरू होणे ही हौसेची गोष्ट राहात नाही.

म्हणूनच जुनी गाडी घरच्या घरी कशी राखावी, या विषयाकडे आम्ही काटकसरीची युक्ती म्हणून पाहात नाही. बोथ हमरस्त्यापासून आत आहे. पूर्वी ज्याला ७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत आणि आता ४४ क्रमांकाचा म्हणतात, त्या रस्त्याला लागल्यावर एकीकडे आदिलाबाद, दुसरीकडे निर्मल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावयाचे म्हणजे दिवस मोडणार. गावातील मिस्त्री हुशार असतात. पण त्यांच्यापुढे ट्रॅक्टर, जीपगाड्या आणि मोटारसायकलींची रांग असते. तेव्हा बिघाड होण्यापूर्वीच त्याची चाहूल घेणे हे काम मालकाच्याच वाट्याला येते, आणि आमच्या मते घरच्या देखभालीचा नव्वद टक्के भाग या चाहुलीतच आहे. पाना हाती धरण्याचे प्रसंग थोडे. डोळे, कान आणि नाक वापरण्याचे प्रसंग रोजचे.

आधी कागद, मग पाने

आपल्या भागातील मराठी घरांना एक अडचण विशेष जाणवते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि सीमेची रेघ आपल्या सोयरिकींच्या मधून गेली. बहीण किनवटला, मामा नांदेडला आणि आपण बोथला, अशी घरे येथे कितीतरी आहेत. त्यामुळे जुनी गाडी घ्यावयाची म्हटले की ती पुष्कळदा पलीकडच्या पाहुण्यांकडूनच मिळते, आणि तिच्या पाटीवर नांदेडचा एमएच २६ हा क्रमांक असतो. आदिलाबादचा क्रमांक आधी एपी ०१ होता. २०१४ साली तेलंगण राज्य झाल्यावर टीएस ०१ झाला आणि २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी ०१ मिळू लागला. पाटीची अक्षरे बदलली तरी कायद्याचे कलम एकच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे तिची नव्याने नोंद करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, म्हणजे नमुना २८. मालकी बदलावयाची तर नमुने २९ आणि ३०. शिवाय या राज्याचा कर निराळा. गाडी स्वस्तात मिळाली असे म्हणताना हा खर्च किमतीत धरलाच पाहिजे.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावयाची. हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२५ साली ते आणखी वाढले. तेव्हा चौदा वर्षांची गाडी घेणाराने पुढील वर्षाचा हिशेब आजच मांडावा. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक आणि पुस्तकातील क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतो की नाही, हे स्वतः वाकून पाहावे. पाहुण्याची गाडी आहे म्हणून संकोच करू नये. नाते आणि नोंदणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणजे दोन्ही टिकतात.

गाड्यांच्या तीन पिढ्या

घरी कोणती कामे करता येतील, हे गाडीच्या पिढीवर अवलंबून आहे. पहिली पिढी अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. अँबॅसडरचे उत्पादन १९५८ पासून २०१४ पर्यंत चालले. या गाड्यांचे बॉनेट उघडले की आत हात घालावयास जागा असे. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, फॅनबेल्ट ही सारी मंडळी समोर दिसत, आणि गाडीबरोबर मिळालेल्या चार पान्यांनी अर्धी कामे होत.

दुसरी पिढी मारुती ८०० ची. डिसेंबर १९८३ मध्ये तिची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तिच्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाने कितीतरी मध्यमवर्गीय घरांना पहिली मोटार दाखविली. तिच्या जुन्या नमुन्यांत कार्बोरेटर आहे, नव्यांत इंजेक्शन. तिसरी पिढी गेल्या पंधरा वर्षांतील गाड्यांची. त्यांत संगणक बसला आहे आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की तो काही सांगू पाहात असतो. स्टिअरिंगखाली असलेल्या खाचेत स्कॅनर लावला म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक वाचता येतो. मात्र क्रमांक म्हणजे निदान नव्हे. थर्मामीटरने ताप कळतो, कारण वैद्यानेच शोधावयाचे असते.

वर्तमानपत्र वाचावयाची नवी रीत

गाडी कोणत्याही पिढीची असो, एक परीक्षा सर्वांना लागू आहे. शनिवारी रात्री गाडी सपाट जागी उभी करावी आणि इंजिनाखाली व चारही चाकांच्या आतल्या अंगाला जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. रविवारी सकाळी गाडी हलविण्यापूर्वी ती काढून पाहावीत. काळा किंवा तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. हिरवा, गुलाबी किंवा निळसर डाग रेडिएटरमधील कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूस फिकट पिवळसर, बोटाला गुळगुळीत लागणारा ओलावा असेल तर तो ब्रेक ऑइलचा असण्याचा संभव मोठा. तो दिसल्यास गाडी जागची हलवू नये, मिस्त्रीला घरी बोलवावे. थंड हवेचे यंत्र चालविल्यानंतर पडलेले स्वच्छ पाणी मात्र निरुपद्रवी. हा वर्तमानपत्राचा अंक आठवड्यातून एकदा वाचला तर मोठे बिघाड सहसा न सांगता येत नाहीत.

त्याच वेळी बॉनेट उघडावे. इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी ओढून फडक्याने पुसावी, पुन्हा आत घालावी आणि मग वाचावी. दोन खुणांच्या मध्ये पातळी असली म्हणजे ठीक. ऑइल काळे झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही; काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. परंतु ते दुधाळ, ताकासारखे दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे. हेड गॅस्केट गेल्याची ती खूण असू शकते, आणि तशी गाडी चालविणे म्हणजे इंजिनावर पाणी सोडणे होय. धुराचेही असेच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ दिसते ती थोड्या वेळात थांबावी, न थांबल्यास कूलंट जळत असल्याची शंका घ्यावी.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. पातळी कमी झाली तर तापलेली गाडी पुरती निवू द्यावी. विहिरीचे वा बोअरचे पाणी सर्रास ओतण्याची सवयही मोडावी. त्यातील क्षारांचा थर नळ्यांत बसतो, जसा चहाच्या किटलीत बसतो, आणि उन्हाळ्यात गाडी तापू लागली की दोष पंख्याला दिला जातो. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रणच घालावे.

घरी करावयाची कामे

थोडी सवय असलेल्या माणसाने पुढील कामे घरी करण्यास हरकत नाही: हवेचा फिल्टर साफ करणे वा बदलणे, प्लग काढून पाहणे, बॅटरीची काळजी, वायपरची पाती, दिवे, फ्यूज आणि टायरमधील हवा. प्लग इंजिनाच्या प्रकृतीची जीभच होय. टोकाला फिकट तपकिरी रंग असला म्हणजे प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोलचे प्रमाण जास्त. ओला तेलकट थर म्हणजे ऑइल वर चढते आहे. प्लग बसविताना प्रथम हातानेच फिरवावा. आटे चुकीचे धरले असताना पान्याने जोर केला तर ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटेच निघतात, आणि शंभर रुपयांचे काम हजारांवर जाते.

बॅटरीच्या टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलिनचे बोट फिरवावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. वायर सोडविताना ऋण बाजूची आधी सोडवावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरने सुमारे १२.६ व्होल्ट दाखविले तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग चालू आहे. एवढ्या दोन आकड्यांनी बॅटरी बदलावी की अल्टरनेटर दाखवावा, हा वाद घरीच मिटतो.

टायरवर चार आकडे छापलेले असतात. २३१९ असे असले तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. जुन्या गाडीचे टायर पुष्कळदा कमी फिरतात आणि उन्हात म्हातारे होतात. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक चिरा दिसू लागल्या म्हणजे त्यांच्यावर विसंबू नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचांतील उंचवटे टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात. तोच निरोप समजावा.

ऑइल बदलणे अनेकांना घरी जमते. मात्र काढलेले जुने ऑइल बांधावर किंवा गटारात ओतू नये. ते जमिनीत मुरते आणि शेवटी आपल्याच विहिरीकडे जाते. डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे.

जेथे हात थांबवावा

घरच्या हाताला मर्यादा आहे, आणि ती ओळखण्यातच त्याचा शहाणपणा दिसतो. इंजिन बिघडले तर गाडी थांबते. ब्रेक बिघडले तर ती थांबत नाही. या दोन बिघाडांतील फरक ज्याने मनाशी धरला, त्याला कोणते काम मिस्त्रीकडे द्यावे हे निराळे सांगावे लागणार नाही. ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचे बेअरिंग, इंधनाची गळती आणि एअरबॅग ही कामे जाणत्या माणसाचीच. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर धूळ तोंडाने वा हवेच्या फवाऱ्याने उडविण्याची पद्धत फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्यानेच पुसली पाहिजे, आणि हे आपल्या मिस्त्रीलाही सांगावयास हवे.

ब्रेक ऑइलची गोष्ट आपल्या भागात विशेष लक्षात घ्यावी. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. दोन-तीन वर्षांत त्यात इतके पाणी मुरते की ते कमी तापमानाला उकळू लागते. निर्मलच्या बाजूचा जुना महबूब घाट उतरताना सतत ब्रेक दाबून धरला की चाकाजवळचे द्रव तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय खाली जातो तरी गाडी आवरत नाही. म्हणून हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम पाळावा. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल चुकूनही घालू नये. त्याने आतील रबर फुगते आणि सारी यंत्रणा निकामी होते.

आणखी एक इशारा. चाक बदलण्यासाठी दिलेला जॅक हा गाडी उचलण्यापुरता आहे, तिच्याखाली निजण्यासाठी नाही. काळ्या मातीच्या अंगणात जॅक हळूहळू खचतो. खाली शिरावयाचे असेल तर गाडी लोखंडी घोड्यांवर ठेवावी, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि घरातील एक माणूस जवळ उभे करावे. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नये; वीट फुटण्यापूर्वी पूर्वसूचना देत नाही.

बोथची हवा आणि गाडी

आदिलाबाद जिल्ह्यात ऋतू अर्धवट येत नाहीत. तेलंगणातील थंडीचा नीचांक पुष्कळदा याच जिल्ह्यात नोंदला जातो, आणि उन्हाळाही तितकाच कडक. थंडीत अशक्त बॅटरी पहिली दगा देते. म्हणून तिची परीक्षा दिवाळीपूर्वी करावी. उन्हाळ्याआधी कूलंट, पट्टे आणि रबरी नळ्या पाहाव्यात. नळी दाबली असता फुगीर किंवा कडक-चिरलेली वाटली तर बदलावी. मारुती ८०० सारख्या गाडीत टायमिंगचा पट्टा रबराचा असतो आणि बाहेरून दिसत नाही. तो कधी बदलला हे जुन्या मालकाला सांगता आले नाही, तर बदललेला नाही असेच धरून चालावे.

पावसाळ्यात, पोचेरा-कुंटाल्याचे धबधबे भरून वाहू लागतात तेव्हा, कार्बोरेटरच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर दमट होऊन सकाळी इंजिन कुरकुरते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसले की बहुधा काम भागते. पाण्यातून गाडी घातल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबीत जावे, म्हणजे लायनिंग सुकते. चाकांच्या कमानीत बसलेला काळ्या मातीचा चिखल धुऊन काढावा. तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. पुढे कापसाचा हंगाम येतो. रस्त्यावर उडणारा कापूस आणि धूळ रेडिएटरच्या जाळीवर गादीसारखी बसते. मऊ ब्रशाने ती काढावी. ज्या घरात धान्य किंवा कापूस साठतो, तेथे उंदीर असतातच, आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. कुरतडलेली एक तार गाडी बंद पाडते, प्रसंगी आगही लावते. चार दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहण्यास अर्धा मिनिट पुरतो.

यात अलीकडच्या काळाची एक भर आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनविलेले नव्हते. इथेनॉल पाणीही शोषते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या वर्षातून दोनदा तपासाव्यात, फिल्टर वेळेवर बदलावा आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. पेट्रोलचा वास आला तर आधी कारण शोधावे, किल्ली नंतर फिरवावी.

एक वही

या साऱ्या कामांत सर्वांत उपयोगी हत्यार कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही दोनशे पानी वहीचे नाव घेऊ. किती किलोमीटरवर ऑइल बदलले, कोणता भाग कोठून कितीला आणला, ब्रेक ऑइल कोणत्या महिन्यात बदलले, कोणता आवाज केव्हापासून येतो, हे तारखेसह लिहून ठेवावे. मिस्त्रीसमोर "गाडी नीट चालत नाही" एवढेच म्हणणारा मालक आणि "गेल्या पंधरवड्यापासून थंड असताना डावीकडे वळताना कटकट होते" असे सांगणारा मालक, यांच्या बिलात फरक पडतोच. मिस्त्रीलाही आपल्या कौशल्याचा मान राखला गेला असे वाटते, कारण त्याला अंदाजाने चार भाग खोलावे लागत नाहीत.

हीच वही गाडीला निरोप केव्हा द्यावा हेही सांगते. वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ लागला, किंवा गंज चॅसिसपर्यंत आणि सीटबेल्ट जेथे पक्का केलेला असतो तेथपर्यंत पोहोचला, तर जिव्हाळा बाजूस ठेवावा. अशी गाडी स्वस्तात दुसऱ्या गरजू घराच्या गळ्यात मारू नये. २०२१ पासून सरकारमान्य भंगार केंद्रांची व्यवस्था झाली आहे. तेथे गाडी देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि तिची नोंदणी रीतसर रद्द करावी.

परंतु धड असलेली जुनी गाडी नीट राखली तर पुष्कळ वर्षे साथ देते. ती विकण्याची वेळ आली तर किल्लीबरोबर वहीही नव्या मालकाच्या हाती द्यावी. त्याच्या घरातही कधीतरी मध्यरात्री आदिलाबादचा रस्ता धरण्याची पाळी येईल, आणि त्या वेळी आपण लिहून ठेवलेल्या तारखा त्याच्या उपयोगी पडतील.